वाय कपॅसिटर निवडताना आधी गळती काढा

मी केलेल्या पहिल्याच ॲडॉप्टरबद्दल तक्रार आली होती: जोडलेल्या यंत्राच्या धातूच्या बॉडीवरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात. ईएमआय (विद्युतचुंबकीय नॉइज) चाचणीत पास व्हायला मी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि सेकंडरी (आउटपुटची बाजू) यांच्या मध्ये ४.७ नॅनोफॅरॅडचा वाय कपॅसिटर, म्हणजे नॉइजला परतीची वाट देणारा सुरक्षा-मान्य कपॅसिटर, लावला होता. नॉइज उतरला, पण सप्लाय दोन पिनांचा, अर्थिंग नाही. या कपॅसिटरमधून मेन्सचा थोडा करंट गळतो, तो जाणार कुठून? हात लावणाऱ्यातूनच.

म्हणून आता मी आधी गळती काढतो: २ × पाय × फ्रिक्वेन्सी × कपॅसिटन्स × व्होल्टेज. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला २.२ नॅनोचा आकडा येतो ०.१६ मिलिअँपिअर. इथे थांबू नका. २६४ व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि २० टक्के जास्त कपॅसिटन्स धरला की तोच ०.२६ होतो. आयटी उपकरणांच्या सुरक्षेच्या आयईसी ६०९५०-१ मानकात अर्थिंग नसलेल्या उपकरणाला ०.२५ मिलिअँपिअरची मर्यादा होती. आता ते मानक मागे पडलं, तरी मी तीच पाळतो. वैद्यकीय उपकरणाची मर्यादा याहून कडक असते, तिथे त्या उपकरणाचं मानक उघडूनच बसा.

मग वर्ग, म्हणजे कपॅसिटरची सुरक्षा श्रेणी. प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये एकच कपॅसिटर असेल तर वाय१ घ्या. आयईसी ६०३८४-१४ प्रमाणे तो ८ किलोव्होल्टचा इम्पल्स (क्षणिक झटका) सोसतो, वाय२ ५ किलोव्होल्टचा. एकसारखे दोन वाय२ सिरीजमध्येही चालतात, पण उपकरणाच्या मानकाची परवानगी असेल तरच, आणि दोघांचंही रेटिंग पूर्ण व्होल्टेजचं हवं.

दुरुस्तीत एक गोष्ट मला फार छळते: वाय१च्या जागी लावलेली २ किलोव्होल्टची साधी निळी कपॅसिटर-चकती. दोन्हींवर २२२च (म्हणजे २.२ नॅनो) छापलेलं, रंगही तोच. पण साधी चकती शॉर्ट झाली तर मेन्स थेट आउटपुटवर येतो. चकती उलटसुलट करून वाय१ची खूण आणि मान्यतेचे शिक्के पाहा. नसतील तर लावू नका.

बोर्डवर हा कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवा. मुख्य फिल्टर कपॅसिटरच्या निगेटिव्हपासून सेकंडरी ग्राउंडपर्यंतचे ट्रॅक आखूड ठेवा. त्याच्या पॅडमधलं अंतर मी ८ मिलिमीटरच्या खाली येऊ देत नाही. कपॅसिटर वाय१ असूनही पॅड जवळ आले तर आयसोलेशन (मेन्स आणि आउटपुटमधली विलगता) तिथेच कमी पडतं.

त्या ॲडॉप्टरमध्ये शेवटी १ नॅनोचा वाय१ बसवला. त्यामुळे वाढलेला नॉइज ट्रान्सफॉर्मरमध्ये शील्ड वाइंडिंग (नॉइज अडवणारे जादा वेढे) घालून आणि मोठा कॉमन मोड चोक (दोन्ही तारांवरचा एकसारखा नॉइज अडवणारी कॉइल) लावून उतरवला.