फ्लेक्समध्ये डबे आडवे की उभे, दिशा कशी द्यायची

भावाची रत्नागिरीजवळ आंब्याची कलमं आहेत, पेट्या तो फोनवरच विकायचा, यंदा म्हटलं एक साधं वेबपेज करून देतो. पानावर हापूस, कोकम आणि आंबापोळी असे तीन डबे, म्हणजे चौकोनी कप्पे, बस. ते आडवे की उभे हे सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या) फ्लेक्स या मांडणीने ठरतं.

पहिली गोष्ट, दिशा बाहेरच्या डब्याला सांगायची, आतल्यांना नाही. बाहेरच्या डिव्हला (एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ मजकुरात, डब्याला डिव्ह म्हणतात) डिस्प्ले फ्लेक्स दिलं की आतले सगळे आपोआप एका ओळीत आडवे बसतात, कारण फ्लेक्स-डायरेक्शनची (दिशेची) मूळ व्हॅल्यू रो, म्हणजे आडवी ओळ, असते. उभे हवे असतील तर त्याच डिव्हला कॉलम द्या. बरेच जण हे आतल्या कार्डाला लावतात आणि काहीच हलत नाही म्हणून वैतागतात.

आणि आधी कॉलमच लिहा, कारण पेटी मागवणारा चाकरमानी लोकलमध्ये उभं राहून मोबाईलवर बघणार, तिथे तीन डबे आडवे लावले की अक्षरं चेंगरतात. मग मीडिया क्वेरीत, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणाऱ्या नियमात, मिन-विड्थ (किमान रुंदी) 600 पिक्सेल टाकून त्याच्या आत रो करा.

कॉलम केलं की खरा घोळ सुरू होतो. जस्टिफाय-कंटेंट नेहमी डबे ज्या दिशेने चाललेत त्याच दिशेने काम करतं, म्हणजे रोमध्ये डावं-उजवं आणि कॉलममध्ये वर-खाली, आणि अलाइन-आयटम्स त्याच्या काटकोनात. कॉलममध्ये जस्टिफाय-कंटेंट सेंटर लिहूनही काही होत नसेल तर बाहेरच्या डब्याला जास्तीची उंचीच नाहीये, सरकायला जागा कुठाय, मिन-हाइट (किमान उंची) द्या. रोमध्ये फोटो थेट ठेवला, रुंदी दिली आणि उंची दिली नाही तर तो शेजारच्या मजकुराएवढा ताणला जातो, आमचा हापूस पपईसारखा लांबट दिसत होता, अलाइन-आयटम्स फ्लेक्स-स्टार्ट केलं आणि आंबा परत आंबा झाला.

रो-रिव्हर्स, म्हणजे रो पण उलट्या क्रमाने, मला एकाच ठिकाणी पटतं, एका ओळीत फोटो डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे अशी मांडणी हवी असेल तेव्हा. एचटीएमएलमध्ये फोटो सगळीकडे आधीच ठेवायचा, मोठ्या स्क्रीनवर एकाआड एक ओळ उलटवायची, मोबाईलवर सगळं कॉलम, म्हणजे तिथे फोटो वर आणि मजकूर खाली असंच राहतं.

पण ऑर्डरच्या फॉर्मला रिव्हर्स लावू नका, कृपा करून. उलटं फक्त डोळ्यांना दिसतं, टॅबची चाल आणि स्क्रीन रीडरचं (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) वाचन एचटीएमएलच्याच क्रमाने होतं, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला 'किती पेट्या' आधी ऐकू येतं आणि नाव शेवटी, हे बरोबर नाही. क्रम बदलायचाय तर एचटीएमएलमध्येच बदला.

आपल्या किनाऱ्यावर उर्दू वाचणारी घरंही बरीच आहेत, त्यांच्यासाठी पान केलंत तर एचटीएमएलला डीआयआर आरटीएल (दिशा उजवीकडून डावीकडे) द्या, रो स्वतःच उजवीकडून सुरू होतो. वर रो-रिव्हर्स घातलंत तर परत डावीकडून सुरू होईल.

झालं की माउस बाजूला ठेवा आणि नुसतं टॅब दाबत पेटी मागवून बघा.