कडुलिंबाच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण कसे बनवावेत

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यामागे एक जुना कडुलिंब आहे. दरवर्षी त्याचीच पानं पिशवीत भरून मी बी.एस्सी.च्या मुलांसाठी लॅबमध्ये नेते. चांदीचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजावे लागणारे अतिसूक्ष्म कण, करायला चांदीच्या क्षारातून धातू मोकळा करावा लागतो; त्यासाठी एरवी सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन वापरतात. इथे पानांतली टर्पेनॉइड आणि फ्लॅव्होनॉइड ही नैसर्गिक द्रव्यं तेच काम करतात, शिवाय कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कडुलिंबाची ही रीत २००४ मध्ये प्रसिद्ध केली.

प्रयोग लॅबमध्येच करा, हातमोजे आणि चष्मा घालून. सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार डोळ्यांना घातक आहे आणि हाताला लागलं तर काळा डाग बरेच दिवस जात नाही.

आधी पानांचा काढा करू. १० ग्रॅम ताजी पानं स्वच्छ धुऊन, शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढून बारीक चिरा. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १० मिनिटं उकळा, गार झाल्यावर फिल्टर पेपरमधून गाळा. शक्यतो त्याच दिवशी वापरा.

मग १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवा. हे झालं एक मिलिमोलर (लिटरमागे मोलचा हजारावा भाग) तीव्रतेचं द्रावण. उजेडाने ते बिघडतं, म्हणून तपकिरी बाटलीत ठेवा. पाण्याच्या बाबतीत तडजोड करू नका. एकदा डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून मी बोअरचं घेतलं, तर फ्लास्कमध्ये ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं झालं. पाण्यातल्या क्लोराइडने चांदी आधीच पकडली होती.

आता ९० मिली द्रावण हलवत ठेवून त्यात १० मिली काढा थेंबथेंब सोडा. तुलनेसाठी दुसऱ्या फ्लास्कमध्ये उरलेलं द्रावण घेऊन त्यात काढ्याऐवजी नुसतं पाणी घाला. दोन्ही अंधारात ठेवा. काढ्याच्या फ्लास्कमध्ये फिकट पिवळा रंग मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा होत जातो. मुलं इथे हमखास गप्प होऊन बघत राहतात. ६० अंशांच्या पाण्यात फ्लास्क ठेवला तर रंग लवकर येतो. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचं शिखर दिसायला हवं. द्रावण राखाडी पडून तळाशी गाळ बसला, तर कण एकमेकांना चिकटले असं समजा.

उरलेलं सिंकमध्ये ओतलं, तर ही रीत पर्यावरणपूरक राहत नाही, कारण चांदी पाण्यातल्या जिवांना मारक असते. सगळं एका बरणीत साठवा आणि मीठ घाला. मोकळी चांदी पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसते. वरचं पाणी आणि गाळ, दोन्ही चिठ्ठी लावून लॅबच्या धातू-कचऱ्यात द्या.