‘कचरा’ आणि ‘माल’: भाषेतून समाज अभ्यासण्याची एक रीत

भाषा समाज घडवते, हे विधान परिसंवादात शोभते. अभ्यासाला मात्र ते फार मोठे पडते. पुण्यात राहून या विषयावर काम करायचे असेल, तर एकच शब्द निवडावा आणि तो जिथे जिथे वापरला जातो तिथे त्याचा माग काढत जावे. ‘कचरा’ हा शब्द त्यासाठी उत्तम आहे. पाण्याची रिकामी बाटली सोसायटीच्या फलकावर कचरा असते, वेचणारीच्या पोत्यात ती माल होते आणि भंगाराच्या दुकानात काट्यावर चढली की तिला किलोचा भाव लागतो. वस्तू तीच राहते. तिच्यावर कोणाचा हक्क आहे, याचे उत्तर मात्र शब्दागणिक बदलते. शब्दवापराच्या या जाळ्याला कोणी चर्चाविश्व म्हणतात, कोणी संकथन. नावाच्या वादात आठवडा घालवू नये.

प्रथम साहित्य जमवावे: महापालिकेची प्रकटने, ठरावीक काळातील वृत्तपत्रे, सोसायट्यांचे फलक, संघटनांची पत्रके आणि प्रत्यक्ष संभाषणे. प्रत्येक नोंदीवर तारीख, जागा, लिहिणारा आणि अपेक्षित वाचक लिहून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी यातले काहीही आठवत नाही. काळाची चौकट आखताना पुण्यातले टप्पे उपयोगी पडतात. १९९३ मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचकांची संघटना स्थापन झाली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले आणि २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांत कचरा वेचकांची व्याख्या आली. पंचायतीच्या नावापाशी जरा थांबावे: त्यात ‘कचरा’ हा शब्दच नाही. तीन विकाऊ वस्तू आहेत आणि त्या वेचणाऱ्या माणसांना ‘कष्टकरी’ म्हटले आहे. कामगार म्हणून केलेली मागणी नावातच बसवलेली आहे.

यानंतरचे काम वाक्ये उलगडण्याचे असून सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. ‘कचरा उचलला जात नाही’, ‘महापालिका कचरा उचलत नाही’ आणि ‘आम्ही ओला-सुका वेगळा करत नाही’ ही तीन वाक्ये एकाच ढिगाऱ्याविषयी असू शकतात. पहिल्यात कर्ता नाहीसा झाला आहे, दुसऱ्यात दोष बाहेर आहे, तिसऱ्यात घरात. सरकारी मराठीतील ‘कारवाई करण्यात आली’ ही रचना तर कर्ता लपवण्यासाठीच जन्मली असावी, अशी शंका येते. संबोधनेही तपासावीत. दारावर ‘मावशी’ अशी हाक ऐकू आली म्हणून आदर गृहीत धरू नये; तिच्यामागे ‘थांब’ येते की ‘थांबा’, हे पाहावे. प्रत्येक रचना किती वेळा आली ते मोजावे, पण केवळ आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

ब्रिटिश भाषाभ्यासक नॉर्मन फेअरक्लॉ यांनी अशा अभ्यासासाठी मजकूर, त्याची निर्मिती व वाचन, आणि सामाजिक व्यवहार अशा तीन पातळ्या सांगितल्या. तिसऱ्या पातळीवर भाषाविज्ञान एकटे पुरत नाही. भंगाराचे दर आणि दिवसाची मिळकत समजण्यासाठी अर्थशास्त्र लागते, व्याख्येमुळे कोणता हक्क मिळतो हे कळण्यासाठी कायदा वाचावा लागतो, आणि या कामात दलित स्त्रियाच मोठ्या संख्येने का आहेत हा प्रश्न जातिव्यवस्थेच्या अभ्यासाशिवाय सुटत नाही. म्हणून डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आणि गोखले संस्थेतील अर्थशास्त्राचा विद्यार्थी यांनी एकाच टेबलावर तेच फलक वाचावेत. त्यांचे मतभेद वहीत नोंदवावेत. प्रबंधाचा कस बहुधा तिथेच लागतो.

आपल्या अंदाजाच्या विरुद्ध जाणारी उदाहरणे मुद्दाम शोधावीत. ‘कचरा वेचक’ हा शब्द रुळला, पण मिळकत आणि वागणूक बदलली नाही, असे एखाद्या वस्तीत आढळले तर ते तसेच लिहावे. ध्वनिमुद्रणापूर्वी संमती घ्यावी आणि नावे बदलावीत. पहिला खर्डा तयार झाला की ज्यांचे बोलणे त्यात आहे त्यांना तो वाचून दाखवावा. त्यांनी एखादा शब्द खोडायला लावला, तर जुना आणि नवा असे दोन्ही शब्द तळटिपेत ठेवावेत.