मेल दोन सर्व्हरांमध्ये फिरत राहिला तर

अंधेरीच्या ऑफिसात स्वतःचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हर चालवणारा प्रोग्राम), निम्म्या लोकांचे मेलबॉक्स मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या क्लाउडवर, आणि डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) दोन्हीकडे एकच. अशा मांडणीत मेल ‘हॉप काउंट एक्सीडेड’ (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाण्याची मर्यादा ओलांडली) म्हणत परत येऊ लागले, तर बहुधा दोन्ही सर्व्हर ‘हा माणूस आमच्याकडे नाही, तिकडे बघा’ म्हणत एकमेकांकडे बोट दाखवत असतात.

आधी वाहतूक थांबवा. पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिफर_ट्रान्सपोर्ट्स = एसएमटीपी, रिले’ घालून पोस्टफिक्स रीलोड करा. बाहेर जाणारे मेल रांगेत थांबतील. ही ओळ नंतर काढायला मात्र विसरू नका. मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवसांनी रांगेतले मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात.

मग परत आलेल्या मेलचे पूर्ण हेडर (मेलच्या प्रवासाची नोंद) उघडा आणि ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचा, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर लावतो. ऑफिस, क्लाउड, पुन्हा ऑफिस, पुन्हा क्लाउड अशी माळ दिसली की चक्कर कुठे आहे ते कळलं. वेळा वाचताना जपून: ऑफिसचा सर्व्हर भारतीय वेळेत ११:३०:०४ +०५३० लिहितो, मायक्रोसॉफ्टचा यूटीसी या जागतिक वेळेत ०६:००:०६ +००००. हा फरक २ सेकंदांचाच आहे.

सगळ्यांत जास्त सापडणारं कारण म्हणजे नोकरी सोडून गेलेल्याचा पत्ता. क्लाउडवर डोमेन ‘इंटर्नल रिले’ असेल, तर न सापडलेला पत्ता तो ऑफिसकडे ढकलतो. पोस्टफिक्सलाही अनोळखी पत्ते क्लाउडकडे पाठवायला सांगितलेलं असतं. मेलबॉक्सवाला माणूस गेला की त्याचा मेल अधांतरी. एका बाजूला शेवटचा निर्णय द्या: सगळे पत्ते माहीत असलेली बाजू ‘ऑथॉरिटेटिव्ह’ करा, म्हणजे अनोळखी पत्ता तिथेच नाकारला जाईल. क्लाउडला ते करायचं असेल, तर ऑफिसातले पत्ते आधी तिथे मेल-युझर (मेलबॉक्स दुसरीकडे असलेले वापरकर्ते) म्हणून नोंदवा, नाहीतर चालू माणसांचेही मेल नाकारले जातील.

लॉगमध्ये ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ दिसत असेल तर प्रकरण वेगळं. एमएक्स (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद) या सर्व्हरकडे बोट दाखवतो, पण मायडेस्टिनेशन किंवा व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स या ‘आपले डोमेन कोणते’ सांगणाऱ्या सेटिंगांमध्ये डोमेनच नसतं. ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कोणता मेल कुठे द्यायचा याच्या यादीत) पुढच्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात नसेल तरी पोस्टफिक्स एमएक्स शोधतो आणि फिरून स्वतःकडेच येऊ शकतो. जुन्या मशीनची नक्कल करून नवा सर्व्हर उभा केला असेल, तर दोन्हींचं मायहोस्टनेम (सर्व्हरने स्वतःला दिलेलं नाव) एकच राहिलंय का, तेही बघा.

हॉपची मर्यादा वाढवू नका. पोस्टफिक्समध्ये ती मुळात ५० असते, सेंडमेल या दुसऱ्या मेल प्रोग्राममध्ये २५. वाढवून फक्त फेऱ्या वाढतात.

गणपतीच्या सुट्टीतल्या ऑटो-रिप्लायचं चक्र या मर्यादेला सापडतच नाही, कारण प्रत्येक उत्तर हा नवा मेल असतो. तिथे मेसेज-आयडी (त्या मेलची ओळखखूण) दर वेळी बदललेला दिसेल. उत्तर देणाऱ्या यंत्रणेला ‘ऑटो-सबमिटेड’ (आपोआप पाठवलेला) हेडर लावायला आणि तसं हेडर आलेल्या मेलला उत्तर न द्यायला सांगा.

शेवटी डिफरची ओळ काढा, रीलोड करा आणि तीन चाचणी मेल पाठवा: एक ऑफिसच्या मेलबॉक्सला, एक क्लाउडच्या, एक अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला. तिसरा लगेच ५.१.१ किंवा ५.१.१० सारखा ‘असा पत्ता नाही’ सांगणारा कोड देऊन परत यायला हवा. तसं झालं की ‘पोस्टक्यू -एफ’ने रांग सोडा.