मायामीचे साहेब जहाजावर येणार असतील तर

यंदा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची चार पोरं आमच्या क्रूझ जहाजावर नव्यानं सायन-ऑन झाली, म्हणजे कामावर रुजू झाली. दुसऱ्याच आठवड्यात मायामीच्या हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार अशी बातमी आली आणि चौघांची तोंडं उतरली. चौदा वर्षांपूर्वी माझीही तीच गत झाली होती, म्हणून हे लिहितोय. सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक), व्हिसा, मेडिकल हे सगळं एजंट सांगतोच, ते त्यालाच विचारा.

चतुर्थीच्या आधी घराची रंगरंगोटी चालते तशी जहाजाची सुरू होते. डेकवाले गंजाचे ओघळ खरवडून रंग मारतात, पितळ घासलं जातं, गालिचे धुतले जातात. आय-नाइंटीफाइव्हवर, म्हणजे क्रूच्या त्या लांबलचक बोळात (मायामीपर्यंत जाणाऱ्या अमेरिकन महामार्गाचं नाव त्याला पडलंय), मालाची एक पॅलेट उभी दिसणार नाही. हे सगळं रोजच्या ड्युटीच्या वर येतं, त्याला साइड जॉब म्हणतात. करा. पण 24 तासांत 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. तासांच्या नोंदीवर न वाचता सही ठोकू नका.

आता मुद्द्याचं. कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी काहीही लपवायचं नाही.

माझं दुसरं कॉन्ट्रॅक्ट, मी गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) युटिलिटी, म्हणजे धुण्यापुसण्याचा हरकाम्या. साहेब सकाळी दहाला येणार आणि फ्रिज ओसंडून वाहतोय. सुपरवायझर आपल्याच बाजूचा, मालवणीत बोलणारा. म्हणाला, "ह्ये तीन ट्रे तुझ्या केबिनीत ठेव रे, तासाभराचो प्रश्न." ट्रेमध्ये कापलेलं कलिंगड आणि खरबूज. कापलेलं खरबूज 5 अंशांच्या वर ठेवायचं नसतं, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. तरी नेलं, बंकखाली सरकवलं. साहेबांबरोबर आलेल्या हायजीनवाल्या बाईंनी गॅलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ क्रू केबिन उघडायला लावल्या. माझी तिसरी होती.

सुपरवायझरनं माझ्याकडे बघत सांगितलं, "मी असं कधी सांगितलंच नाही." लेखी वॉर्निंग माझ्या नावावर आली. असिस्टंट कुकची बढती दोन कॉन्ट्रॅक्टं लांबली. तो गाववाला अजूनही घरच्या लग्नाची पत्रिका पाठवतो.

हे फक्त माझ्यासारख्या येड्याचं नाही. 2013 साली अलास्कात स्कॅगवे बंदरात सिल्व्हर शॅडो या आलिशान जहाजावर अमेरिकी आरोग्य तपासनीस चढले, तेव्हा मांस, दूध, चीज, अंडी भरलेल्या 15 हून जास्त ट्रॉल्या गॅलीवाल्यांच्या दहाहून अधिक केबिनमध्ये सापडल्या. 100 पैकी 82 गुण मिळाले. 85 किंवा त्याखाली म्हणजे नापास. तिथंही कोणीतरी कोणालातरी "तासाभराचा प्रश्न" म्हणालं असणार.

मग करायचं काय? मोठ्यानं विचारायचं. सू-शेफ (मुख्य शेफच्या खालचा) ऐकेल अशा आवाजात: "सर, हे ट्रे कुठल्या फ्रिजमध्ये ठेवू? जागा नसेल तर फेकतो आणि लॉगमध्ये लिहितो." चारचौघांत केबिनचं नाव कोणी घेत नाही. आपली पोरं मान खाली घालून "यस सर" म्हणतात आणि त्यालाच आदर समजतात. फिलिपिनो पोरं हसत हसत दोनदा विचारून घेतात, म्हणून पुढे जातात. मला तरी असंच दिसलंय.

साहेब समोर आले तर नाव, गाव, किती कॉन्ट्रॅक्टं झाली एवढं सांगा. हात पुढे केला तर मिळवा, पण गॅलीत असाल तर लगेच 20 सेकंद हात धुवा. त्यांच्यादेखत धुतले तर आणखी बरं.

क्रूची मीटिंग होते, त्यात "काही अडचण?" असं विचारतात. पगाराचं रडगाणं तिथं गाऊ नका, ते ऐकतात, मान हलवतात आणि कॉफी पितात. लहान आणि मोजता येणारी गोष्ट सांगा. मी एकदा एवढंच म्हणालो की क्रू लॉन्ड्रीतली तीन मशीनं महिनाभर बंद आहेत. पुढच्या मायामीच्या फेरीला नवी मशीनं चढली. लॉन्ड्रीचा मास्टर महिनाभर माझ्याशी बोलला नाही, ते सोडा.

बुटांना पॉलिश, नेमटॅग सरळ, नखं कापलेली. एवढं पुरे.

त्या दिवशी क्रू मेसमध्ये बिर्याणी आणि आइस्क्रीम असतं, एरवी ज्याचं नावही ऐकू येत नाही. पोटभर खा. रात्रीसाठी म्हणून डबा भरून केबिनमध्ये मात्र नेऊ नका, त्या बाई अजून जहाजावरच असतात.