बूस्ट आटोक्यात राहत नाही? आधी सोलेनॉइड बाजूला काढा

टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब, भलताच चढला किंवा चढेनासा झाला की बहुतेक जण थेट ट्यूनला (इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगला) हात घालतात. तसं करू नका. इंटर्नल वेस्टगेटच्या (एक्झॉस्ट वळवून बूस्ट रोखणारी झडप टर्बोतच असलेल्या) पेट्रोल गाडीत आधी ठरवायचं ते एवढंच: दोष लोखंडात आहे की नियंत्रणात?

सोलेनॉइड म्हणजे वेस्टगेट उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे (आत स्प्रिंग असलेल्या डब्याकडे) किती हवा जाईल ते ठरवणारा विजेचा व्हॉल्व्ह. त्याचा वायरिंग कनेक्टर तसाच राहू द्या, फक्त होज काढा. कंप्रेसर हाउसिंगच्या निपलवरून एक होज सरळ अ‍ॅक्च्युएटरला जोडा आणि डायनोवर (चाकं जागेवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलचा एक पुल, म्हणजे एक धाव, लॉग करा. स्प्रिंग 0.5 बारची असेल तर बूस्ट त्याच्या आसपास थांबायला हवा.

थांबतो, पण पुढे आरपीएमबरोबर हळूहळू चढत जातो? हा क्रीप. मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) लावल्यावर हा बऱ्याचदा दिसतो. वेस्टगेटची झडप पूर्ण उघडी असते, पण तिच्यामागचं भोकच कमी पडतं. इथे ट्यून काहीही करू शकत नाही. भोक घासून मोठं करावं लागतं, नाहीतर एक्स्टर्नल वेस्टगेट.

बूस्ट स्प्रिंगच्या दाबापर्यंतही पोचत नसेल तर गळती शोधा. टर्बोच्या तोंडावर व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण घट्ट लावा, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली हवा बाहेर नेणारा) होज बंद करा आणि रेग्युलेटरमधून हळूहळू 1 बार हवा सोडा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या खालचा क्लिप वरून घट्ट दिसतो, पण फुगे बहुधा तिथेच येतात, पाइपच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला. गळती नाहीच, तर झडप ओढणारा रॉड तपासा: अ‍ॅक्च्युएटरला हातपंप लावा, झडप ठरल्या दाबाच्या आधीच उघडत असेल तर प्रीलोड (रॉडवर आधीच दिलेला ताण) कमी आहे.

स्प्रिंगवर सगळं नीट चालतं, मग गडबड नियंत्रणात. थ्री-पोर्ट (तीन तोंडांच्या) सोलेनॉइडमध्ये वीज नसताना हवा अ‍ॅक्च्युएटरकडे गेली पाहिजे. 12 व्होल्ट दिल्यावर अ‍ॅक्च्युएटरची हवा व्हेंटमधून सुटली पाहिजे. तोंडाने फुंकून लगेच कळतं. होज उलटे जोडलेले आढळणं फार नेहमीचं आहे. टू-पोर्ट काढून थ्री-पोर्ट बसवला असेल तर जुन्या होजमधला बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर आठवणीने काढा. तो राहिला की अ‍ॅक्च्युएटरला दाब उशिरा पोचतो आणि बूस्ट उसळतो.

मगच ट्यून. पीआयडी (बूस्ट आपोआप सावरणारं नियंत्रण) बंद ठेवून ड्यूटी, म्हणजे सोलेनॉइडला किती टक्के वेळ वीज मिळते ते, 0 टक्क्यांपासून 5-5 ने वाढवा आणि प्रत्येक पुलचा बूस्ट लिहून ठेवा. त्याआधी ओव्हरबूस्टचा फ्युएल कट लक्ष्याच्या जरा वर चालू केलेला हवाच, आणि इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची मर्यादाही बघा: वातावरणाचा दाब धरून 2.5 बार अ‍ॅब्सोल्यूटच्या सेन्सरला साधारण 1.5 बार बूस्टच्या पुढे काही दिसत नाही.