टीव्हीवर ‘ॲम्नेशिया’ खेळताना पडदा काळाठिक्कर दिसत होता, त्यावरचा उपाय

‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा २०१० सालचा खेळ १८३९ मधील प्रशियातल्या ब्रेनेनबर्ग किल्ल्यात घडतो आणि त्यातला अंधार हाच खरा शत्रू असतो. अंधारात रेंगाळल्यास नायक डॅनियलचे मानसिक संतुलन ढळते, कंदिलात तेल मात्र मोजकेच असते. तरीही अंधारात काही क्षण थांबल्यावर त्याची नजर सरावते आणि भिंतींच्या कडा निळसर दिसू लागतात. माझा संगणक एचडीएमआय केबलने दिवाणखान्यातील टीव्हीला जोडल्यावर ही निळसर छटा पूर्ण नाहीशी झाली होती. खेळातील गॅमा (चित्राचा उजळपणा ठरवणारी सेटिंग) वाढवल्यावर कंदिलाचा उजेड फटफटीत होई, पण कोपरे काळेच राहत.

कारण वेगळेच निघाले. संगणक रंगांची पातळी ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) अशी पूर्ण पाठवत होता, तर टीव्ही ती चित्रपटांप्रमाणे १६ ते २३५ अशी मर्यादित धरत होता. त्यामुळे १६ पेक्षा कमी असलेले सारे बारकावे एकजात काळे होत होते, आणि या खेळाचा निम्मा जीव तिथेच आहे. टीव्हीच्या चित्रविषयक सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ असा पर्याय होता (काही टीव्हींवर त्याचे नाव निराळे असते), तो पूर्ण पातळीवर नेताच दगडी कमानी उमटल्या. त्यानंतर गॅमा पुन्हा मूळ जागी आणला. टीव्हीवर हा पर्याय नसेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून संगणकाचेच आउटपुट मर्यादित करावे.